‘इट’ कुणाचं? ग्रॅहमच्या एका मॅक्रोबद्दल तक्रार

पॉल ग्रॅहमचं ‘ऑन लिस्प’ (1993) वाचताना चौदावं प्रकरण सोडू नका. त्यातला ‘एआयएफ’ हा मॅक्रो अट तपासतो आणि तिचं उत्तर गुपचूप ‘इट’ या नावात ठेवतो. आपण मराठीत म्हणतोच की, “जालन्याच्या मोंढ्यात मोसंबीचा भाव चांगला असला तर तो मला कळव.” ‘तो’ म्हणजे काय, हे कुणी विचारत नाही. कल्पना झकास आहे, लिहिणं खरंच कमी होतं.

पण व्याख्या नीट बघा. ‘लेट’ बाहेर आहे आणि ‘इफ’ त्याच्या आत. म्हणजे अट खोटी ठरली तरी ‘नाहीतर’च्या फांदीत ‘इट’ असतंच, आणि त्याची किंमत असते ‘निल’! आता एका ‘एआयएफ’च्या ‘तर’मध्ये दुसरा ‘एआयएफ’ टाका. आतल्याच्या ‘नाहीतर’मध्ये तुम्हाला बाहेरचं ‘इट’ हवं असतं, हाती मात्र ‘निल’ येतं. कंपायलर चकार शब्द काढत नाही.

उपाय सोपा आहे: उत्तर जेनसिमने केलेल्या नावात ठेवायचं आणि ‘इट’ फक्त ‘तर’पुरतं बांधायचं. 2011 मध्ये बार्झिलाय, कल्पेपर आणि फ्लॅट यांनी रॅकेटच्या सिंटॅक्स पॅरामीटरने ‘इट’ला उघडपणे जाहीर केलेलं नाव बनवलं. तरीही दोन्ही ‘तर’ एकात एक आले की आतलं ‘इट’ बाहेरचं झाकणारच.

म्हणून पेपर वाचताना मॅक्रोचा फक्त वापर बघू नका. तो उलगडून, प्रत्येक फांदीत कोणतं नाव जिवंत आहे ते तपासा.