लवणासुराची कथा
लवणासुराची कथा : बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराची अद्भुत उत्पत्तिकथा. भूमिगत विवरात दडलेल्या लवणासुराचा ठावठिकाणा त्याच्या बहिणींकडून जाणून विष्णूने विवराचे झाकण पायाच्या अंगठ्याने उडविले व त्याचा वध केला. सरोवराचे पाणी हे त्याचे रक्त व क्षार हे त्याचे मांस, असे ही कथा सांगते. लोणारचे दैत्यसूदन मंदिर तिच्याशी निगडित आहे. पृथ्वी, आप, तेज व वायू यांपैकी पहिल्या दोहोंवरच हे अद्भुत उभे आहे. खड्डा व खारेपण यांचा उलगडा एकाच घटनेतून होतो, हे तिचे रचनासामर्थ्य. मात्र ती कारण पाताळात शोधते. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे विवर अशनीच्या आघाताने बनल्याचे दाखविले. कथेने वगळलेली तेज व वायू हीच भूते त्या अशनीच्या वाटेवर होती. परिणामांचे निरीक्षण अचूक, कारणाची दिशा मात्र उलटी, अशी ही कथा आहे.