वाचकाची संमती आणि महाजाल

महाजाल माणसास मुक्त करते की दास, हा प्रश्न बहुधा लेखकाच्या बाजूने मांडला जातो. वाचक त्यातून निसटतो. नोव्हेंबर २०१२ मधील पालघरचे प्रकरण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. पालघर तेव्हा अंबरनाथप्रमाणेच ठाणे जिल्ह्यात होते. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिणाऱ्या तरुणीबरोबरच, तो मजकूर 'आवडला' अशी खूण करणाऱ्या तिच्या मैत्रिणीलाही अटक झाली.

रोलाँ बार्थ यांनी वाचकाचा जन्म लेखकाच्या मृत्यूशी जोडला होता. येथे वाचक जन्मास आला तो सहआरोपी म्हणून. छापील पानाला वाचकाने दिलेली संमती मूक असते; तिला साक्षीदार नसतो. महाजालावर तीच संमती उक्तीचे रूप घेते आणि त्याच क्षणी तिची नोंदही होते. आवाज लाभणे आणि हाती सापडणे या दोन्ही गोष्टी एकाच कृतीने घडतात.

या प्रकरणात लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. कलम गेले, नोंद राहिली. ती ठेवणाऱ्या यंत्रणेवर वाचकाची सत्ता नाही. तेव्हा काय लिहिता येते याबरोबरच नोंद न होता काय वाचता येते, हीही स्वातंत्र्याची कसोटी मानावी लागेल. आपल्या वाचकलक्ष्यी समीक्षेने तिचा विचार करावयास हवा.