तीर्थोपाध्यायांची वही : पुरावा कशाचा?

घराण्याचा इतिहास शोधताय? नाशिकला रामकुंडावर या. गाव, आडनाव सांगितलं की तीर्थोपाध्याय वही काढतात आणि कधी कधी पणजोबांची सहीच समोर येते. अंगावर काटा येतो. पण संशोधक म्हणून जरा थांबा.

इंग्लंडमध्ये १५३८ पासून गावोगावची चर्च बाप्तिस्मा, लग्न, दफन नोंदवू लागली. तिथे नोंद विधीची. आपल्या वहीत नोंद यात्रेकरूची, तीही तो सांगेल तशी. म्हणजे नमुना निवडतानाच चाळणी लागली. जे आले नाहीत, ते वहीत नाहीत. ज्यांना येऊच दिलं नाही त्यांचं काय? याच नाशकात १९३० साली काळाराम मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह करावा लागला.

म्हणून नाव सापडलं तर तो दुवा. नाही सापडलं, तर त्यावरून घराण्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. तेव्हा आधी वही तपासा, मग घराणं.