पानं फाडणारा माणूस

जोझेफ जुबेरला पुस्तकातली जी पानं आवडायची नाहीत, ती तो सरळ फाडून टाकायचा. त्याचा मित्र शातोब्रियां यानं आपल्या आठवणींत हे लिहून ठेवलंय. जुबेरच्या खासगी संग्रहातली पुस्तकं आतून पोकळ झालेली असायची. बांधणी मोठी आणि आत उरलेली पानं मोजकीच. ऐकून हसू येतं, पण जुबेरचं शहाणपण आणि त्या शहाणपणातली खोट, दोन्ही या एका सवयीत सापडतात.

जुबेर (१७५४–१८२४) फ्रेंच 'मोरालिस्ट' परंपरेतला. मोरालिस्ट म्हणजे नीतीचे धडे देणारा नव्हे, तर माणसं कशी वागतात हे बारकाईनं बघून थोडक्यात लिहिणारा. त्यानं चाळीसहून अधिक वर्षं वह्या भरल्या, पण हयातीत एकही पुस्तक छापलं नाही. पुस्तकाचं पान, पानाचं वाक्य आणि वाक्याचा शब्द करत जाण्याच्या स्वतःच्या हव्यासाला तो शापच मानायचा. शब्दांची तुलना तो चष्म्याच्या काचांशी करतो. जी काच दिसायला मदत करत नाही, ती नजरेच्या आड येते. असं मानणारा माणूस कमीच लिहिणार.

याच परंपरेतला ला रोशफुको त्याच्या सुमारे एकशे चाळीस वर्षं आधीचा. त्याच्या 'मॅक्झिम्स'चं पुस्तक १६६५ सालचं. तो कुठलाही सद्गुण खरवडतो आणि खालचा स्वार्थ दाखवतो. वाचताना आपण पकडले गेल्यासारखं वाटतं. जुबेर पकडत नाही. मित्र एका डोळ्यानं अधू असेल तर आपण त्याच्याकडे एका बाजूनं बघतो, अशा अर्थाची त्याची एक नोंद आहे. माणसातलं व्यंग त्याला दिसतं, पण ते बोलून दाखवण्यापेक्षा आपण उभं राहायची जागा बदलावी, एवढंच तो सुचवतो. माझ्या मते ला रोशफुकोपेक्षा हे अवघड आहे. दुसऱ्याचं पितळ उघडं पाडायला हुशारी पुरते. बाजूनं बघायला मात्र आधी समोरून सगळं बघितलेलं असावं लागतं.

पण हीच नजर पुस्तकाकडे वळली की पानं फाटतात. नावडतं ते काढून टाकायचं आणि उरलेल्यावर प्रेम करायचं! याला समजूतदारपणा म्हणायचं की पळवाट? जुबेरनं फ्रेंच राज्यक्रांती जवळून पाहिली होती. १७९० मध्ये तो आपल्या गावी, माँतिन्याकला, न्यायाधीश म्हणून निवडून आला. दोन वर्षांनी त्यातून बाहेर पडला आणि पुढे विल्नव्हच्या घरात वाचत, लिहीत राहिला. त्याच्या वाक्यांत शांतता आहे, पण तिच्यासाठी किती पानं फाडली गेली, हा प्रश्न मला सतत पडतो. मित्राच्या व्यंगाकडे बाजूनं बघणं ठीक. अन्यायाकडेही तसंच बघितलं तर?

पुढे नियतीनं त्याच्यावर हाच प्रयोग केला. १८३८ मध्ये, त्याच्या पत्नीच्या इच्छेवरून, शातोब्रियांनं वह्यांमधला निवडक भाग छापला. १८४२ मध्ये पॉल द रेनालनं मोठी आवृत्ती काढली आणि नोंदी विषयवार लावल्या. तारखा गेल्या, चाचपडणं गेलं. उरली ती घासूनपुसून ठेवलेली वाक्यं. आज आपल्या फोनवर सूर्योदयाच्या फोटोवर चिकटून येणारा जुबेर याच छाटणीचा वारस आहे. शिकवताना आपणही पुन्हा शिकतो, वाद जिंकण्यासाठी नसून पुढे जाण्यासाठी असतो, हे सगळं त्याचंच. पण सकाळी सातला 'शुभ प्रभात'सोबत आलं की तेही सुविचार होऊन बसतं.

तारखांसह वह्या छापल्या गेल्या त्या १९३८ मध्ये, आंद्रे बोनिएच्या संपादनातून. पॉल ऑस्टरचा १९८३चा इंग्रजी अनुवाद निवडक आहे, पण तो कालक्रम पाळतो. तिथे वेगळाच माणूस भेटतो. एखादा विचार अर्धाच सोडणारा, त्याच गोष्टीकडे पुन्हा परतणारा. तो निष्कर्ष सांगत नाही, शोधतो. त्याचं वाक्य लहान आहे ते घाईमुळे नव्हे, तर बाकीचं सगळं खोडून झाल्यावर तेवढंच उरलं म्हणून.

म्हणून जुबेर वाचायचा तर त्याच्या सवयीविरुद्ध जाऊन वाचावा. आवडलेल्या ओळीचा स्क्रीनशॉट काढण्याआधी तिच्या मागची-पुढची नावडती नोंदही वाचावी. त्यानं फाडलेली पानं आता परत मिळणार नाहीत. त्याची स्वतःची पानं मात्र शाबूत आहेत.