शब्द कोणी बदलला?

एखादा शब्द कुणाला तरी बोचतो, अशी तक्रार झाली की आपल्याकडे तिला तीन ठरलेली उत्तरे मिळतात. 'गंमतीने म्हटले होते', 'आमच्यात असेच म्हणतात' आणि 'आता काही बोलायचेच नाही का?' पुढे विषय संपतो. मे 2020 मध्ये अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. त्यानंतर वर्णवाचक भाषेची जगभर जी झडती सुरू झाली, तिचे पडसाद मुंबईच्या उपनगरांतही उमटले. आज त्या घटनांकडे थोड्या अंतरावरून पाहताना दोन प्रश्न विचारावेसे वाटतात. शब्द बदलला तो कोणी? आणि शब्दामागचे माप बदलले का?

पहिले उदाहरण अंधेरीचे. चकाल्याला मुख्यालय असलेल्या हिंदुस्थान युनिलिव्हर या कंपनीने जून 2020 मध्ये आपल्या 'फेअर अँड लव्हली' या क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द काढण्याचे जाहीर केले. जुलैत 'ग्लो अँड लव्हली' हे नवे नाव आले. 1975 पासून विकल्या जाणाऱ्या या क्रीमच्या जाहिराती दोन-तीन पिढ्यांनी पाहिल्या आहेत. सावळ्या मुलीला नोकरी नाही, स्थळ नाही. गोरी झाली की दोन्ही दारात. मुलगा नाही म्हणून खंत करणाऱ्या बापाची मुलगी गोरी होऊन हवाई सुंदरी बनते, अशी एक जाहिरात होती. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने त्याविरुद्ध आवाज उठवला आणि 2003 मध्ये ती बंद झाली. म्हणजे आक्षेप जुना होता. तो नावापर्यंत पोहोचायला आणखी सतरा वर्षे आणि सातासमुद्रापलीकडचा एक मृत्यू लागला.

नाव बदलले याचे स्वागतच आहे. पण नव्या नावातल्या 'ग्लो'ला मराठीत फार पूर्वीपासून एक प्रतिशब्द आहे. विवाहविषयक जाहिरातींत 'गोरी' म्हणायचा संकोच वाटला की आपण 'उजळ' म्हणतो. माप तेच, शब्द तेवढा सभ्य. त्याच जून महिन्यात लग्न जुळवणाऱ्या शादी डॉट कॉमने वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली, तीही अमेरिकेतल्या भारतीय स्त्रियांनी आवाज उठवल्यावर. यंत्रातली चाळण गेली. मुलगी पाहायला येणाऱ्या मंडळींच्या डोळ्यांतली चाळण काढणे कोणत्याही कंपनीच्या हातात नाही.

दुसरे उदाहरण सिनेमाचे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीभोवती फिरणाऱ्या 'खाली पीली' या चित्रपटातले एक गाणे सप्टेंबर 2020 मध्ये आले. गोऱ्या नायिकेला पाहून बियॉन्से ही जगप्रसिद्ध कृष्णवर्णीय गायिकाही लाजेल, असा त्याचा आशय. टीका झाल्यावर दिग्दर्शकाने माफी मागितली. पण 'गोरिया' हा शब्द गाण्यांतून तरुणीला उद्देशून वापरायची रूढीच आहे, त्यात वर्णाचा संबंध नाही, असेही सांगितले. आधी गायिकेच्या नावातले एक अक्षर बदलले, मग नावच वगळून तिथे 'दुनिया' हा शब्द घातला. 'गोरिया' मात्र जिथल्या तिथे राहिली. दिग्दर्शकाचा खुलासा खोटा होता असे मला वाटत नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. 'तरुणी' आणि 'गोरी' हे दोन शब्द आपल्या भाषेत इतके एकजीव झाले आहेत की त्यातला अपमान बोलणाऱ्याला ऐकूच येत नाही. तो ऐकू येतो फक्त जिला वगळले तिला.

याच्या उलट, ज्याला हाक मारली जाते त्यानेच नाव बदलले की काय होते, तेही पाहू. मार्टिन ल्यूथर किंग यांनी 1963 च्या वॉशिंग्टनच्या भाषणात आपल्या लोकांसाठी 'निग्रो' हाच शब्द वापरला होता. पुढच्या काही वर्षांत त्यांच्याच समाजाने तो नाकारून 'ब्लॅक' हा शब्द ताठ मानेने स्वीकारला. मराठीत डॉ. जनार्दन वाघमारे यांनी 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हे पुस्तक पूर्ण आस्थेने लिहिले, तेव्हा तोच शब्द रूढ होता. आज तो लिहिताना आपण थबकतो, हा त्या समाजाने मिळवलेला विजय आहे. आपल्याकडे 'हरिजन' नाकारून 'दलित' म्हणवून घेणे हा असाच विजय. भिवंडी-मालेगावच्या विणकरांनी 'जुलाहा' या हेटाळणीच्या शब्दाऐवजी 'अन्सारी' आणि खाटकांनी 'कसाई'ऐवजी 'कुरैशी' म्हणवून घेतले, त्यामागेही हाच स्वाभिमान होता.

मराठी मुसलमानाला हा विषय परका नाही. 'यवन' हा शब्द मुळात ग्रीकांसाठी होता. तो आपल्या माथी कसा आला, हे कादंबरीकाराने कधी विचारले नाही. 'लांड्या' ही शिवी शाळेच्या मैदानावर ऐकल्याशिवाय मोठा झालेला मुलगा आपल्यात विरळा. जोगेश्वरीच्या एखाद्या गल्लीला 'पाकिस्तान' म्हणणे रिक्षावाल्यापासून पुढाऱ्यापर्यंत अनेकांना सहज जमते. देशाच्या कोणत्याही भागाला असे म्हणता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला सप्टेंबर 2024 मध्ये एका उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या उद्गारांवरून सांगावे लागले. 1990 मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागेही आपले चित्र आपणच काढायचे ही निकड होती.

म्हणूनच आता आपल्या घरातल्या एका शब्दाकडे पाहिले पाहिजे. तो शब्द 'हबशी'. हबश म्हणजे अबिसिनिया, आजचा इथिओपिया. तिथून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. 1610 मध्ये त्याने वसवलेली खडकी पुढे औरंगाबाद म्हणून ओळखली गेली. जंजिऱ्याचे सिद्दी 1948 पर्यंत राज्य करीत होते. इतका इतिहास पाठीशी असलेला शब्द आपल्या घरांतून काळ्या माणसाला, खादाड माणसाला, रांगड्या माणसाला हिणवण्यापुरता उरला. मिरा रोड-नालासोपाऱ्याकडे राहणाऱ्या आफ्रिकी तरुणाला आपल्याच मोहल्ल्यातली मुले त्याच शब्दाने हाक मारतात. रिश्ता पाहताना 'लडकी का रंग साफ है ना?' हा प्रश्न तर अजूनही पहिल्या पाचांत असतो.

हजरत बिलाल (र.) हबशी होते, हे आपण अभिमानाने सांगतो. सहीह बुखारीत एक प्रसंग आहे. हजरत अबूजर (र.) यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून टोचून बोलले, तेव्हा तुझ्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे, असे प्रेषितांनी (स.) त्यांना सुनावले. तो माणूस म्हणजे बिलालच आणि टोमणा त्यांच्या आईच्या काळ्या रंगावरून होता, असे परंपरा सांगते. वाझमध्ये हा प्रसंग ऐकून डोळे पुसणारे आपण घरी येऊन सुनेच्या रंगावर बोलतो.

लेखकांची जबाबदारी इथे सुरू होते. पात्राच्या तोंडचा शब्द आणि निवेदकाचा शब्द यांत फरक आहे. 1992-93 च्या दंगलीवरच्या कथेत दंगलखोर 'लांड्या' म्हणेल, म्हटलेच पाहिजे. तिथे सभ्य शब्द घालणे म्हणजे घडलेले लपवणे. पण निवेदकच जेव्हा नायिकेला 'गोरीपान' आणि सावकाराला, गुंडाला 'काळाकुट्ट' करतो, तेव्हा ते माप लेखकाचे असते. आपल्या कथासंग्रहांत अशा नायिका मोजाव्यात. चंद्रासारखा मुखडा नसलेली, सावळी, आणि त्या सावळेपणाची कथेत कुठेही समस्या न झालेली मुलगी किती कथांत भेटते?

अंधेरीच्या कंपनीने डब्यावरचा शब्द बदलला, कारण बाजाराला तो परवडेनासा झाला. आपल्यावर तसा कुणाचा दबाव नाही. जंजिऱ्याचे सिद्दी संख्येने थोडे आहेत. आपल्या अंगणात येऊन ते जाब विचारणार नाहीत. तेव्हा हा शब्द कुणी मागितल्याशिवाय आपणच सोडायचा आहे. 'लांड्या' म्हणणाऱ्याकडे बोट दाखवण्याचा आपला हक्क त्यानंतरच पुरता होईल.