आर. एस. थॉमस : ग्रामीण धर्मगुरूच्या काव्यातील भाषा आणि प्रतीक्षा

कार्डिफ येथे जन्मलेले कवी आर. एस. थॉमस (१९१३–२०००) हे वेल्सच्या ग्रामीण भागात धर्मगुरू होते. मनावॉन येथील वास्तव्यात (१९४२–५४) त्यांना इआगो प्रिदर्ख हा काव्यनायक गवसला. या डोंगरी शेतकऱ्याचे त्यांनी उदात्तीकरण केले नाही. त्याच्या कष्टांविषयीचा आदर आणि त्याच्या मूकपणाविषयीची अस्वस्थता त्यांच्या कवितेत एकत्र नांदतात.

वेल्श भाषा त्यांनी प्रौढपणी आत्मसात केली. 'नेब' (१९८५), म्हणजे 'कोणी नाही', हे आत्मचरित्र त्यांनी वेल्शमध्ये आणि तृतीयपुरुषी निवेदनातून लिहिले. कविता मात्र इंग्रजीतच राहिली. ज्या भाषेच्या वर्चस्वाला त्यांचा विरोध होता, तिच्यातच त्यांची प्रतिभा फुलली. हा अंतर्विरोध त्यांच्या कवितेतील कठोरपणाचे एक मूळ आहे.

पक्षीनिरीक्षण हा त्यांचा आजीवन छंद होता. परंतु त्याकडे निव्वळ विरंगुळा म्हणून पाहणे अपुरे ठरते. पक्षी दिसेलच अशी शाश्वती नसताना निश्चल थांबण्याची सवय त्यांच्या उत्तरकालीन कवितेत ईश्वराच्या मौनासमोरील प्रतीक्षा होऊन येते. अॅबरडारॉनच्या सागरकिनारी (१९६७–७८) ही जाणीव अधिक गडद झाली.

सारांश, थॉमस यांची श्रद्धा उत्तर मिळण्यावर नव्हे, तर थांबण्याच्या निष्ठेवर उभी आहे.