खिळा, मोरचूद आणि आधीच लिहिलेला निष्कर्ष

संशोधनाच्या प्रवेशमुलाखतीत हमखास एक प्रश्न येतो : 'तुम्ही केलेला एखादा प्रयोग सांगा.' बरेच जण एमएस्सीच्या प्रोजेक्टवर घसरतात. मी तुम्हाला दहावीतला प्रयोग आठवायला सांगणार आहे. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा. 'धातुविज्ञान' धड्यातली अभिक्रियाशीलतेची श्रेणी याच प्रयोगाने दाखवतात. लोखंड तांब्याला द्रावणातून बाहेर काढतं, खिळ्यावर तांबूस थर बसतो, निळा रंग फिकट होतो. प्रयोग सोपा आहे आणि खराही आहे. माझी तक्रार रसायनाबद्दल नाही, तो ज्या पद्धतीने करून घेतला जातो त्याबद्दल आहे.

आधी माझी कबुली. दहावीत आमची परीक्षानळी रात्रभर तशीच राहिली. सकाळी बघतो तर द्रावण पिवळट-तपकिरी, गढूळ, तळाला गाळ. प्रयोगवहीत मी काय लिहिलं? 'द्रावण फिकट हिरवे झाले.' गाइडात तसंच होतं. शेजारच्या मुलीने जे दिसलं तेच लिहिलं, तिच्या वहीवर लाल रेघ आली. मला पूर्ण गुण. आज गंजावरच पीएचडी करताना ती रेघ मला वारंवार आठवते, कारण बरोबर तिचंच होतं.

जरा हिशोब करू. ५० मिलि पाण्यात अर्धा ग्रॅम मोरचूद म्हणजे साधारण ०.००२ मोल. सगळं तांबं बाहेर आलं तरी तितकंच फेरस सल्फेट तयार होणार. इतक्या विरल द्रावणाचा हिरवा रंग डोळ्यांना जेमतेम दिसतो, पाण्यासारखंच वाटतं. हवेतल्या ऑक्सिजनमुळे फेरसचं फेरिक होतं आणि गंजासारखा तपकिरी गाळ बसतो. मग कधीकधी हिरवं दिसतं ते कशामुळे? उरलेला निळा आणि नवा पिवळा, दोन्ही मिळूनही हिरवट छटा येऊ शकते. म्हणजे 'हिरवं दिसलं, म्हणून फेरस सल्फेट' ही उडी आपण पुराव्याशिवाय मारतो. निष्कर्ष कदाचित बरोबर असेल, पण त्याच्यामागचं कारण तपासलेलंच नसतं.

दुसरी तक्रार : 'किती?' हे कोणी विचारत नाही. वरच्या हिशोबात ०.११२ ग्रॅम लोखंड विरघळेल आणि ०.१२७ ग्रॅम तांबं बसेल. खिळ्याचं वजन वाढणार फक्त १५ मिलिग्रॅम. शाळेतल्या साध्या तराजूवर ते कळणारही नाही. आपलं साधन काय पकडू शकतं आणि काय नाही, हा संशोधनातला पहिला धडा इथेच शिकवता आला असता.

तिसरी तक्रार श्रेणीबद्दल. श्रेणीत ॲल्युमिनियम लोखंडाच्या वर आहे. मग त्याच द्रावणात ॲल्युमिनियमचा कागद टाका. बराच वेळ काहीच होत नाही! त्याच्या अंगावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, तो अडवतो. आता चिमूटभर मीठ टाका. थर फुटतो, द्रावण तापतं, बुडबुडे येतात, तांबं भराभरा बसतं. काय होऊ शकतं ते श्रेणी सांगते, किती वेगाने होईल ते सांगत नाही. हा फरक कळलेला विद्यार्थी आणि श्रेणी पाठ असलेला विद्यार्थी, यांच्यात मुलाखत घेणाऱ्याला दोन मिनिटांत भेद दिसतो.

आता आमच्या दोडामार्गाकडे या. पाऊस लागण्याआधी पोफळीच्या बागांत कोळे रोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतात. एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी द्राक्षांसाठी पुढे आणलेलं हे औषध. लोखंडी भांड्यात ते करत नाहीत, कारण तुम्हाला आता माहीतच आहे. मिश्रण झालं की काका म्हणणार, "कोयतो बुडवन बघ. तांबडो झालो तर चुनो कमी पडलो."

बघा, हा तोच प्रयोग! चुना पुरेसा असेल तर तांबं अविद्राव्य संयुगांत अडकतं आणि कोयता स्वच्छ राहतो. मोकळं तांबं उरलं तर ते पात्यावर बसतं, आणि तसंच फवारलं तर झाड भाजतं. शाळेत उत्तर आधी ठरलेलं असतं, बागेत ते कोणालाच माहीत नसतं आणि त्यावर वर्षाची सुपारी अवलंबून असते. काकांना 'अपेक्षित निरीक्षण' लिहून चालत नाही.

पण बागेची पद्धतही डोळे मिटून मान्य करू नका. कोयता तेलकट असेल तर? स्टेनलेस स्टीलची सुरी घेतली तर? तिच्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा थर असतो, तांबं बसत नाही. उद्योगांत तर स्टेनलेसच्या पृष्ठभागावर मोकळं लोखंड राहिलंय का, ते शोधायला मोरचुदाचं द्रावणच वापरतात. म्हणजे पातं स्वच्छ राहिलं याचे दोन अर्थ निघतात : मिश्रण ठीक आहे, किंवा पातंच आंधळं आहे. उपाय एका मिनिटाचा. तेच पातं आधी नुसत्या मोरचुदाच्या पाण्यात बुडवा. तांबडं झालं तर ते बघू शकतं. मग घासून पुसून मिश्रणात बुडवा. याला नियंत्रण म्हणतात. मोठ्या प्रयोगशाळेत हेच करतात, फक्त कोयता महाग असतो.

तर मुलाखतीच्या तयारीसाठी एवढं करा. चार बाटल्या घ्या : खिळा आणि साधं पाणी, नुसतं मोरचूद, खिळा आणि मोरचूद, आणि चौथीत उकळून थंड केलेल्या पाण्यात खिळा-मोरचूद, वर तेलाचा थर. खिळे गॅल्व्हनाइज्ड नकोत, नाहीतर आधी जस्तच बोलेल. चौथ्या बाटलीत तपकिरी गढूळपणा आला नाही किंवा खूप कमी आला, तर हवेवरचा संशय पक्का होत जाईल. तरीही तितकाच आला, तर माझं वरचं स्पष्टीकरण अपुरं आहे, आणि तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला प्रश्न मिळाला. मोरचूद विषारी आहे; हातमोजे घाला, उरलेलं विहिरीजवळ किंवा व्हाळात ओतू नका.

आणि वहीत जे दिसेल तेच लिहा. लाल रेघ आली तरी.